कडेचं प्यादं

ती दाराशी एका पायात चप्पल घालून उभी होती, तेवढ्यात आतून मावशींनी हाक मारली, "ताई, जाण्याआधी जरा इकडे येता का?" हाक साधीच होती. औषधाची पट्टी संपत आली, शेगडी नीट पेटत नाही, अशा हाका मावशी रोजच मारत, आणि ती रोजच म्हणे, संध्याकाळी बघू. आज मात्र मावशींचा आवाज सपाट होता, इस्त्री फिरवल्यासारखा. ती एक पाय चपलेत आणि एक अनवाणी अशी लंगडत बाबांच्या खोलीत गेली. बाबा खुर्चीत बसले होते. अंगात सदरा नव्हता, मांडीवर टॉवेल होता, आणि बादलीतल्या पाण्याची वाफ खिडकीच्या काचेवर धरली होती. त्यांची आंघोळ एकाआड एक दिवस असे. मधल्या दिवशी नुसतं तोंड पुसायचं. मावशींनी त्यांचा उजवा हात हळूच बाहेरच्या बाजूला वळवला. दोन वर्षांपूर्वी झटका आल्यापासून तो हात खांद्याला नुसता टांगलेला होता, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखा. दंडाच्या आतल्या अंगाला, जिथली कातडी म्हातारपणीही मऊ राहते, तिथे चार वळ होते. निळेकाळे. एकाखाली एक.

"हे कशानं झालं?" मावशींनी विचारलं.

आणि तिला खरोखर आश्चर्य वाटलं. पुढे दिवसभर ती याच गोष्टीपाशी येऊन अडखळत राहिली, की त्या क्षणी तिने सोंग आणलं नव्हतं. कुणा परक्याच्या घरात शिरून परक्याचा दंड पाहावा तसा तिने तो दंड पाहिला.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "दिवसभर तुम्हीच असता की त्यांच्याजवळ. उचलताना दंडाला धरलं असेल घट्ट."

"मी काखेखालून धरते. असल्या हाताला धरून ओढलं तर खांदा निखळतो. शिकवलंय आम्हाला."

"मग कुठे आपटले असतील."

"चार ठिकाणी? एका ओळीत?"

"चूक," बाबा म्हणाले.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. झटक्यात बाबांची सगळी भाषा वाहून गेली होती आणि हा एकच शब्द मागे राहिला होता. पाणी हवं असलं तरी चूक, लघवी लागली तरी चूक, उन्हाचा कवडसा डोळ्यांवर आला तरी चूक. डॉक्टर म्हणाले होते, होतं असं, माणसाच्या तोंडी जो शब्द सगळ्यात जास्त बसलेला असतो तो कधीकधी तगून राहतो. मग हसून त्यांनी विचारलं होतं, "शिक्षक होते का?" ती म्हणाली होती, नाही, कारखान्यात लेथवर होते.

जिना उतरता उतरता तिने मावशींना पाठवणाऱ्या संस्थेला फोन लावला. पहिल्या मजल्यावरच्या वळणावर व्यवस्थापकबाईंनी फोन उचलला. "वडिलांच्या अंगावर मारल्याच्या खुणा आहेत," ती म्हणाली. "दिवसभर तुमचीच बाई असते." किती नीटनेटकं बाहेर पडलं ते वाक्य! आधी कुठेतरी घडी घालून ठेवल्यासारखं. व्यवस्थापकबाई हळहळल्या, दिलगीर आहोत म्हणाल्या, निश्चिंत राहा म्हणाल्या. रस्त्यावर आल्यावर तिला दिसलं की तिच्या एकाच पायात चप्पल आहे. दुसरी वर दाराशी राहिली होती. ती परत चढून गेली, आवाज न करता चप्पल घातली आणि आत न डोकावता खाली उतरली.

तिची कंपनी म्हणजे एका जुन्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिणारी सहा माणसं. संगणकाला पट कसा दाखवायचा, हे तिचं काम. लोकांना वाटतं संगणकालाही आपल्यासारखा चौकटींचा पट दिसत असेल. त्याला काही दिसत नाही. चौसष्ट घरं असतात, म्हणून चौसष्ट जागांची एक रांग घ्यायची. घरात सोंगटी असली तर एक, नसली तर शून्य. त्या चौसष्ट एक-शून्यांचा मिळून एकच मोठा आकडा होतो. पांढऱ्या प्याद्यांचा एक आकडा, काळ्या घोड्यांचा एक, असे बारा आकडे धरले की अख्खा डाव मुठीत मावतो. आठही प्यादी कुठेकुठे मारू शकतात हे विचारायचं झालं तर एकेका प्याद्याला उठवावं लागत नाही. सगळा आकडाच सात-नऊ जागा सरकवायचा, उत्तर एका फटक्यात येतं. ही रीत तिने पहिल्यांदा वाचली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि का ते तिला कळलं नव्हतं. इथे लाकडाचा वास नव्हता. सोंगटी पटावर ठेवल्याचा तो टक् असा आवाज नव्हता. कुणी समोर बसलेलं नव्हतं.

बाबांच्या आयुष्यात एकच मोठी गोष्ट घडली होती. चाळीस जणांशी एकाच वेळी खेळणारा एक नामांकित खेळाडू कारखान्याच्या सभागृहात आला होता, त्याच्याशी बाबांनी डाव बरोबरीत सोडवला. एकोणचाळीस हरले, बाबा हरले नाहीत. त्या एका बरोबरीवर त्यांनी उरलेलं आयुष्य काढलं, आणि दोन मुलांचं बालपणही. दादा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला सोंगट्या कशा चालतात ते कळे, का चालतात ते कळत नसे. तिला कळे. ती सात वर्षांची असताना बाबांनी तिला भिंतीकडे तोंड करून बसवायला सुरुवात केली. पट पाठीमागे बाबांच्या पुढ्यात. ते त्यांची चाल मोठ्याने सांगणार, तिने भिंतीकडे बघत आपली सांगायची. भिंतीवर डिस्टेंपरचा एक पोपडा होता, पपईच्या फोडीसारखा. तिच्या मनातला पट त्या पोपड्यापासून सुरू होई. चुकलं की पोटरीवर कारखान्यातली पोलादी पट्टी बसे. पट्टीच्या एका कडेला इंच होते आणि एका कडेला सेंटिमीटर, आणि कुठली कड बसली ते तिला वळावरून ओळखता येई. पण ती रडत नसे. रडू यायच्या जागी तिला हसू येई, खिक् करून, आणि त्या हसण्याने बाबांचं माथं भडके. एके दिवशी ते थांबले. "हिला मारून उपयोग नाही," ते आईला म्हणाले, अगदी शांतपणे, एखादं पातं बदलायला हवं म्हणावं तसं. "ही कोडगी आहे." मग त्यांनी दादाला अभ्यासावरून उठवून बोलावलं आणि आपल्या खुर्चीपाशी उभं केलं.

त्या दिवसापासून घरात तो कायदा झाला. चूक तिची, मार दादाला. भिंतीकडे बघता बघता तिला पाठीमागे फक्त आवाज येई. आधी बाबा म्हणत, "चूक." मग एक छोटी फट पडे. मग थोबाडीत बसल्याचा आवाज. त्या फटीत ती कधीकधी धडपडून दुसरी चाल सांगे, पण उच्चारलेली चाल मागे घेता येत नाही, हा नियम बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. आई स्वयंपाकघरात पुटपुटे, "वड्याचं तेल वांग्यावर," आणि नळ सोडे. नळाची धार स्टीलच्या पातेल्यात पडे आणि मग काही ऐकू येत नसे, निदान आईला. आणि खरी भयंकर गोष्ट ही, की तो उपाय लागू पडला. ती चुकेनाशी झाली. भिंतीवर तिला पट लख्ख दिसू लागला, कोपऱ्यातला हत्तीसुद्धा. कपाटावर कप जमू लागले. लोक घरी येत आणि बाबांना विचारत, काय युक्ती केलीत हो? बाबा म्हणत, लक्ष एकाग्र करायला शिकवलं, दुसरं काय? दादा त्या पाहुण्यांना पाणी आणून देई.

"तुमचं प्यादं परदेश दौऱ्यावर गेलंय," बाजूच्या टेबलावरून चष्मेवाला म्हणाला. तो नवा होता, हुशार होता, आणि प्रत्येक वाक्यात विनोद केलाच पाहिजे असं त्याला वाटे. आठवडाभर प्रोग्रॅममध्ये एक चूक सापडत नव्हती. सुरुवातीच्या मांडणीपासून दोन्ही बाजूंच्या मिळून चार चाली जितक्या तऱ्हांनी होऊ शकतात त्या सगळ्या मोजायच्या, अशी चाचणी असते. खरा आकडा जगजाहीर आहे, दोन लाखांच्या जरा आत. तिचा आकडा दीडशेच्या आसपास जास्त येत होता. चष्मेवाल्याने त्या जादा चालींतली एक शोधून पडद्यावर मांडली होती. काळ्याचं एका टोकाचं, पहिल्या पट्टीतलं प्यादं होतं. पांढऱ्याचा वजीर दुसऱ्या टोकाला, शेवटच्या पट्टीत उभा होता. आणि प्याद्याने त्याला मारलं होतं. सगळा पट ओलांडून, मधल्या कुणाला धक्का न लावता.

टीमच्या लीडला सगळे आजोबा म्हणत, कारण चाळिशी गाठायच्या आतच तो "आमच्या वेळी" असं बोलायला लागला होता. तो खुर्ची ओढत आला आणि त्याने चष्मेवाल्याकडे पाहिलं. "कड झाकायची राहिली. पहिलीतली चूक आहे ही. आकड्याला काय माहीत ओळ कुठे संपते? त्याच्या दृष्टीने एक ओळ संपली की लगेच दुसरी. कडेचं प्यादं सरकवलंस की ते पटाबाहेर पडत नाही, पलीकडच्या कडेला उगवतं, आणि तिथे जो कोणी निवांत उभा असेल त्याच्या टाळक्यात हाणतं. सरकवण्याआधी कडेची पट्टी पुसून टाकायची. आमच्या वेळी हे चुकलं तर..."

"मी लिहिलंय ते," ती म्हणाली. "त्याचा संबंध नाही."

"तुम्ही?" आजोबा म्हणाला, आणि त्याचा आवाज लगेच उतरला. "मग काय, होतं कधीकधी. काखेत कळसा."

इतकं सोपं होतं ते. मी लिहिलंय. दोन शब्द, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. तिने ओळ उघडली. पांढऱ्यांसाठी तिने कड बरोबर झाकली होती. काळ्यांसाठी पांढऱ्यांचीच ओळ उतरवली होती आणि बाजू बदलायची विसरली होती. ती दुरुस्त करायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण तिने कळफलकावर बोटं ठेवली आणि ती पडद्यावरच्या त्या वजिराकडे बघत बसली. तो कसा कुणाच्याच वाटेत नसलेल्या जागी उभा होता!

ती दहा वर्षांची होती. दुपारी गल्लीत दादाने तिच्या मैत्रिणींना सांगितलं की ही अजून अंथरूण ओलं करते. मैत्रिणी हसल्या, दादाही हसला. त्याच्या वाट्याला हसण्याचे प्रसंग कमी यायचे, म्हणून जरा जास्तच हसला. संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करून बसली. डाव अठराव्या चालीवर आला. घोडा मागे घ्यायचा होता. तिला ते डोळे मिटूनही दिसत होतं. ती म्हणाली, उंट पुढे. "चूक," बाबा म्हणाले, आणि फट पडली, आणि आवाज झाला. तिने ऐकलं. तिच्या मानेवरून गार काहीतरी सरकत गेलं आणि त्याला गोड म्हणण्यापलीकडे शब्द नव्हता. पुढची चाल. तिने पुन्हा चुकीची सांगितली. आवाज. तिसरीही. तिसऱ्या वेळी आवाज वेगळा आला, थोबाडीत बसल्याचा आणि त्याला लागूनच लाकडावर काही आपटल्याचा, आणि नंतर दादा एखादं लहान जनावर करतं तसं काहीतरी करत होता. नळ बंद झाला. आई धावत आली. ती मात्र वळली नाही. पोपड्याकडे बघत तिने घोडा मागे घेतला, मोठ्याने, स्पष्ट. कुणी ऐकलं नाही. दादाच्या डाव्या कानातून रक्त येत होतं, आणि त्या कानाने त्याला पुढे कधी ऐकू आलं नाही. तो सतराव्या वर्षी घर सोडून गेला. आता तो दुसऱ्या शहरात लोकांना गाडी चालवायला शिकवतो. शिकणारा त्याच्या उजवीकडे बसतो, म्हणून काम निभावतं. दसऱ्या-दिवाळीची बोलणी त्यांच्यात नव्हतीच; वर्षातून एखादा फोन, तब्येत कशी आहे, बरी आहे, इतकाच.

तीनच्या सुमाराला संस्थेचा फोन आला. ती उठून गच्चीच्या जिन्यावर गेली. "मॅडम, आम्ही तिला आजच काढलंय," व्यवस्थापकबाई म्हणाल्या. "आणखी दोन घरी ती सकाळी लवकर जाते, त्यांनाही कळवतोय. आमच्याकडे अशा गोष्टी खपवून घेत नाहीत. तुम्ही तक्रार तेवढी लेखी पाठवा. पाठवाल ना?"

"हो," ती म्हणाली.

फोन बंद झाला. जिन्यावर रंगाचे रिकामे डबे होते, एका डब्यात सिगारेटची थोटकं. ती पायरीवर बसली आणि तेव्हा तिला परवाची संध्याकाळ आठवली. आठवली म्हणणं खरं नव्हे. ती कुठे गेलीच नव्हती. आंधळ्या कोपऱ्यात उभ्या माणसासारखी नुसती हलत नव्हती. मावशी सातला गेल्या होत्या. तिने बाबांना भरवलं, त्यांनी तिसरा घास थुंकला. "चूक." तिने सदरा बदलायला घेतला. पहिल्या बटणाला "चूक." दुसऱ्या बटणाला "चूक." प्रत्येक "चूक"नंतर ते थांबत, दम घ्यायला थांबत बिचारे, पण तिला ती फट ऐकू आली. तीच ती. आणि फटीनंतर काही होईना, आवाज येईना, ती वाट बघत होती आणि तो येत नव्हता. मग तिने बाबांचा उजवा हात उचलला. हाच तो हात, असं तिच्या मनात आलं, अगदी स्वच्छ. किती हलका झालाय. तो हात डाव्या हाताने वर धरून तिने दंडाच्या आतल्या बाजूला मारलं. रागाने नव्हे; गादी झटकावी तसं, एका लयीत. एक. दोन. बाबांनी डावा हात तोंडापुढे धरला, जणू मार तिकडे यायचा होता. तीन. चार. आणखी एक असावा. मग तिने त्यांना पूर्ण बाह्यांचा सदरा घातला. एवढ्या उकाड्यात. कुठे मारलं की दिसत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. हात धुतले, उरलेलं जेवण भरवलं, आणि बसून उद्याचे कपडे इस्त्री केले.

ती खाली आली, कड झाकली, चाचणी पुन्हा लावली. आकडा बरोबर आला. चष्मेवाला टाळ्या वाजवून म्हणाला, "आलं परत विमान!" तिने पिशवी उचलली. "बरं वाटत नाहीये," ती आजोबाला म्हणाली, आणि उत्तर यायच्या आत दाराबाहेर पडली. बसमध्ये तिच्या शेजारी एक बाई मांडीवर कुंडी घेऊन बसली होती. तिला वाटलं, या बाईला सांगावं. आपण उतरून जाणार, ही उतरून जाणार. मग तिने ओठ आवळले. हे असं कुठल्यातरी भलत्याच माणसाला सांगून मोकळं होणं, हाच तर जन्मभराचा धंदा होता घराचा.

मावशी बाबांच्या पलंगाशी स्टुलावर बसल्या होत्या. पायाशी त्यांची कापडी पिशवी भरून ठेवलेली. डोळे कोरडे होते.

"मला दोन वाजताच निघून या म्हणाले," मावशी म्हणाल्या. "पण माणसाला एकटं टाकून जाता येत नाही. तुम्ही आलात, आता जाते."

"मावशी, मी मारलं त्यांना," ती म्हणाली. "परवा. तुम्ही गेल्यावर."

मावशींनी पिशवीचा बंद आवळला. "घरात माणसं दोन. त्यातली एक मी. कोडं काय अवघड होतं? सकाळी मी विचारलं ते मला कळावं म्हणून नव्हतं, ताई. तुम्हाला बोलता यावं म्हणून होतं. आणि तुम्ही केलंत काय? चोराच्या उलट्या बोंबा."

"चुकलं माझं."

"ते मला सांगून काय उपयोग? फोन लावा. आवाज मोठा ठेवा. मला ऐकू येऊ दे."

तिने फोन लावला आणि पलंगाच्या कडेवर ठेवला. व्यवस्थापकबाईंना तिने सांगितलं, सकाळचं सगळं खोटं होतं, मावशींनी नाही मारलं, मी मारलं. "मॅडम, तुम्ही म्हणजे... मुलगीच ना तुम्ही?" "हो." "मग मला हे पोलिसांच्या ज्येष्ठ नागरिक कक्षाला कळवावं लागेल. नियम आहे. ते लोक येतील चौकशीला." "कळवा," ती म्हणाली. "आणि त्या दोन घरांनाही कळवा. आत्ता." "हो हो, ते करतेच." फोन बंद झाल्यावर खोलीत बाबांच्या श्वासाचा आवाज तेवढा राहिला. तिला वाटलं होतं, आता काहीतरी हलकं होईल. नाही झालं. उलट हातांना वजन आल्यासारखं वाटत होतं, कोपरापासून खाली.

मावशींनी पिशवी खांद्याला लावली.

"आता का जाता?" ती म्हणाली. "सगळं सांगितलं ना मी?"

"सांगितलंत. बरं केलंत."

"मग बाबांसाठी तरी थांबा. मी हात लावणार नाही त्यांना."

"ताई, तुम्ही मारलंत म्हणून मी जात नाहीये," मावशी म्हणाल्या. "बारा वर्षं हे काम करतेय. दुखणाइताला मारणारी पोटची पोरं मी पुष्कळ बघितली. थकतात माणसं, सुटतो हात. तिथे मी थांबते, मला कळतं काय करायचं ते. पण तुम्ही माझं नाव सांगितलंत. जिना उतरेपर्यंतही थांबला नाहीत." त्या बाबांकडे वळल्या, त्यांच्या सदऱ्याची बाही नीट केली, आणि गेल्या. जिन्यावरून त्यांच्या पावलांचा आवाज घाई न करता खाली जात राहिला.

तिने दादाला फोन लावला. मागे इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती.

"मी बाबांना मारलं," ती म्हणाली.

टिकटिक चालू राहिली. "कितीदा?" दादाने विचारलं.

"चार. पाच असेल."

"रडले?"

"नाही."

"हं." तो हसला की त्याने नुसता श्वास सोडला, कळलं नाही. मग दुसऱ्याच आवाजात, सौम्य, मास्तरी आवाजात म्हणाला, "आरसा बघा. मागे ट्रक आहे. त्याला जाऊ द्या, आणि सावकाश कडेला घ्या." तो आवाज तिने कधी ऐकला नव्हता. दिवसभर चुकणाऱ्या माणसांशेजारी बसून तो हा आवाज वापरत असणार. गाडी थांबली, टिकटिक थांबली.

"दादा, तुझा कान," ती म्हणाली. "त्या दिवशी मी मुद्दाम चुकले होते. तिन्ही वेळा. मला चाल माहीत होती."

पलीकडे हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला.

"सकाळच्या पहिल्या बसने निघतो," दादा म्हणाला. "दहापर्यंत पोचेन. हे जे आता बोललीस ते समोर बसून बोल. माझ्या उजव्या बाजूला बस आणि बोल. मग बघू." जरा थांबून तो म्हणाला, "तोवर त्यांच्या जवळ जाऊ नकोस."

"सात वाजता भरवावं लागतं. गोळ्या आहेत."

"मग..." तो म्हणाला. शिकणाऱ्याने काहीतरी विचारलं. दादाने फोन ठेवला.

सातला दहा मिनिटं कमी असताना तिने भाताची पेज गरम केली, गोळ्या काढल्या, आणि बाबांची खुर्ची ढकलत बाहेरच्या खोलीत आणली, थेट दाराशी. मग तिने दार सताड उघडलं. त्यांच्या घराचं दार असं कधी उघडं राहिलं नव्हतं. ना इथे, ना जुन्या घरी. जिन्यातला वारा आत आला आणि टेबलावरचा कागद उडाला. बाबांनी डाव्या हाताने दाराकडे बोट केलं, लाव म्हणून.

"राहू दे उघडं," ती म्हणाली.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका भाजीची पिशवी घेऊन चढत होत्या. त्या उंबऱ्याशी थबकल्या. "दार उघडंच? काही हवंय का?"

"हो. जरा बसता का इथे? ते जेवेपर्यंत."

"बसते की. काय करू, गोळ्या देऊ?"

"काही करू नका. नुसतं बसा. माझ्याकडे बघत बसा."

शिक्षिकांनी विचित्र नजरेने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी विचारावं असं त्यांच्या ओठांवर आलं, पण त्या आत येऊन चपलांच्या कपाटावर टेकल्या आणि त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. पिशवीतून पालेभाजीचं पाणी टपकत होतं. बाबांनी तोंड उघडलं. तिने चमचा पुढे नेला; चमचा कलला आणि अर्धी पेज त्यांच्या सदऱ्यावर सांडली. तिने आधी वळून शिक्षिकांकडे पाहिलं, त्या बघताहेत याची खात्री केली, आणि मगच पुसायला हात पुढे केला.